निनावी कागदाचा संदर्भ कसा द्यावा? जेधे शकावली, पेरिप्लस आणि केसरीचे अग्रलेख

१/
१९ फेब्रुवारी १६३०. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माची ही तारीख आज शाळकरी मुलांनाही पाठ असते. पाठ्यपुस्तकांत ती आहे, शासकीय जयंतीही त्याच दिवशी साजरी होते. परंतु ज्या मराठी कागदाने ही तारीख अभ्यासकांपुढे आणली, त्यावर लिहिणाऱ्याचे नाव कोठेही नाही. त्या कागदाचे नाव जेधे शकावली.

२/
विसाव्या शतकाच्या आरंभी ही तारीख कोणालाही पाठ नव्हती. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात महाराजांचा जन्म मे १६२७ मध्ये झाल्याचे सांगितले होते. बखरींच्या परंपरेतही शके १५४९, म्हणजे १६२७ हेच वर्ष रूढ होते. तिथीबाबत मात्र एकवाक्यता नव्हती. नाव आणि प्रतिष्ठा असलेल्या ग्रंथकारांची तारीख एका निनावी कागदाने जवळजवळ तीन वर्षे पुढे सरकवली. हे कसे घडले, आणि ज्याचा कर्ताच ठाऊक नाही अशा साधनाचा संदर्भ अभ्यासपूर्ण लेखनात कसा द्यावा, हा या धाग्याचा विषय आहे.

३/
शकावली म्हणजे शकवार केलेली घटनांची टिपणे. जेधे शकावलीत शके १५४० ते १६१९, म्हणजे इ.स. १६१८ ते १६९७ या काळातील नोंदी आहेत. शक, संवत्सर, महिना, तिथी, कोठे वार, आणि मग एका-दोन वाक्यांत घटना, असा तिचा साचा. बखरीत असतात तसे संवाद नाहीत, वर्णनाचा फुलोरा नाही. वाचताना काहीसे कोरडे वाटते, पण कालगणनेचे काम करणाऱ्याला हा कोरडेपणाच हवा असतो.

४/
हा कागद मिळाला तो कारी या गावच्या जेधे देशमुखांच्या घरात. कारी भोरजवळचे, रोहिडखोऱ्यातले गाव. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी महाराजांच्या बाजूने उभे राहिलेले कान्होजी जेधे याच घराण्यातले. घराण्याच्या दप्तरात जपलेली ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनाच्या वृत्तात छापली. मंडालेहून सुटून त्यांना तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

५/
येथेच पहिला घोटाळा होतो. ‘जेधे लिहितात की शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ मध्ये झाला’ अशी वाक्ये आजही छापील पुस्तकांत आढळतात. जेधे काही लिहीत नाहीत. शकावलीच्या नावातील ‘जेधे’ हा शब्द कागद कोणाच्या घरी होता एवढेच सांगतो. तो मालकाचा शिक्का आहे, कर्त्याची सही नव्हे. नोंदी घराण्यातल्या कोणी केल्या, पदरच्या कारकुनाने केल्या, की दुसऱ्या एखाद्या टिपणावरून उतरवून घेतल्या, हे कागद सांगत नाही.

६/
दुसरा घोटाळा याच्या उलट बाजूचा. ‘टिळकांच्या मते महाराजांचा जन्म १६३० चा.’ टिळकांनी शकावली प्रसिद्ध केली. तिच्यातील नोंद त्यांचे मत नव्हे. राजवाड्यांच्या बाबतीत तर हे नित्याचेच झाले आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या खंडांत शेकडो पत्रे आहेत. त्यांतील एखाद्या पेशवेकालीन कारकुनाच्या पत्रातले वाक्य ‘राजवाडे म्हणतात’ म्हणून उद्धृत केले जाते. राजवाडे जे म्हणतात ते त्यांच्या प्रस्तावनांत आहे, आणि ते पुष्कळ आहे, पुष्कळदा वादग्रस्तही आहे. पत्रातले म्हणणे ज्याचे त्याचे.

७/
मग लिहावे कसे? शिकागो, एपीए आणि एमएलए या तिन्ही प्रचलित संदर्भपद्धती या एका बाबतीत जवळजवळ एकमुखाने बोलतात. कर्त्याचे नाव नसेल तर ती जागा ग्रंथाच्या शीर्षकाने भरावी आणि सूचीतही त्याच शीर्षकाच्या आद्याक्षराप्रमाणे नोंद लावावी. कर्त्याच्या जागी ‘अज्ञात’ किंवा ‘अनामिक’ असे सरसकट लिहू नये. मूळ पुस्तकावरच तसे छापलेले असेल तर गोष्ट वेगळी.

८/
या नियमामागचे कारण साधे आहे. समजा, एखाद्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत दहा निनावी साधने आहेत आणि दहांपुढेही ‘अज्ञात’ लिहिले आहे. सूची चाळणाऱ्याला वाटेल की अज्ञात नावाचा कोणी बहुप्रसव लेखक सातवाहनकाळापासून पेशवाईपर्यंत अव्याहत लिहीत होता. ‘अज्ञात, पृ. २३’ अशी तळटीप आली तर वाचकाने दहांपैकी कोणते पुस्तक उघडायचे? कर्ता सांगता येत नाही तेव्हा निदान कागद तरी सांगितला पाहिजे.

९/
म्हणून तळटीप साधारण अशी होते : ‘जेधे शकावली’, शके १५५१, फाल्गुन वद्य ३ ची नोंद, त्यानंतर ज्या छापील आवृत्तीतून ती घेतली त्या आवृत्तीचे नाव, संपादक, वर्ष आणि पृष्ठ. शकाची नोंद आधी द्यावी, कारण ती प्रत्येक आवृत्तीत तीच राहते, पृष्ठांक मात्र बदलतो. ही शकावली टिळकांनंतर ‘शिवचरित्रप्रदीप’ या संग्रहातही आली आणि पुढे अ. रा. कुलकर्णी यांनीही तिचे संपादन केले. नुसते ‘जेधे शकावली, पृ. १४’ असे लिहिणारा वाचकाला तीन पुस्तकांच्या चौकात उभा करून निघून जातो.

१०/
आता मुख्य प्रश्न. लिहिणारा कोण ते ठाऊक नाही, तर विश्वास का ठेवायचा?

११/
शकावलीतील जन्मनोंद शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असे सर्व तपशील देते. नक्षत्र आणि घटी-पळेही देते. हे तपशील एकमेकांत गुंतलेले असतात. मनाने तिथी घातली तर वार जुळत नाही, वार जुळवला तर नक्षत्र हुकते. गणित केले तर त्या तिथीस शुक्रवारच येतो. (१९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन गणनेची तारीख, आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच शुक्रवार १ मार्च १६३० ठरतो. ‘जुलै’चा कॅलेंडर की ‘ऑगस्ट’चा, अशा भलत्या वादांत शिरण्याआधी एवढे लक्षात ठेवले तरी बरेच काम होते.) नाव नसलेल्या नोंदीने स्वतःची परीक्षा घेण्याचे साधन स्वतःबरोबरच आणले, असे म्हणता येईल.

१२/
तरीही एकट्या शकावलीवर तारीख ठरली नसती. कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावरच्या ग्रंथसंग्रहातून पुढे आले आणि १९२७ साली स. म. दिवेकरांनी ते प्रसिद्ध केले. त्यातही शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीयाच निघाली. जोधपूरकडे सापडलेल्या कुंडल्यांच्या संग्रहातील महाराजांची कुंडलीही याच तिथीची. मावळातले देशमुखी दप्तर, तंजावरातली संस्कृत पोथी आणि राजस्थानातल्या ज्योतिषाचा संग्रह यांनी एकमेकांची नक्कल केली असण्याचा संभव फारच थोडा. परमानंदाचे नाव ठाऊक आहे, शकावलीकाराचे नाही. पुराव्याच्या तराजूत या फरकाचे वजन अपेक्षेपेक्षा कमी भरले. वजन भरले ते साधने परस्परांपासून स्वतंत्र होती याचे.

१३/
याचा अर्थ शकावली निःपक्षपाती आहे, असा मात्र घेऊ नये. नाव नसले म्हणजे हितसंबंध नसतात, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती खोटी आहे. ज्या घरात कागद जपला गेला त्या घराचे पराक्रम त्यात येणारच. याच घराण्याची ‘जेधे करीना’ ही तर घराण्याची हकिकत सांगण्यासाठीच लिहिलेली. वतनाचे तंटे, मानाचे वाद, हक्क शाबीत करण्याची गरज यांतून असे पुष्कळ कागद जन्मले. महाराजांच्या जन्मतिथीबाबत खोटे लिहून जेध्यांचा काही लाभ नव्हता. स्वतःच्या वतनाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. एकाच निनावी कागदातील दोन नोंदींचे मोल असे वेगवेगळे असू शकते. म्हणूनच संदर्भात कागद कोणाच्या दप्तरातला हे येणे आवश्यक ठरते. कर्त्याच्या नावाने जे काम केले असते, त्यातले थोडेसे दप्तराचे नाव करते.

१४/
शेजारीच ठेवून पाहावे असे उदाहरण म्हणजे अली आदिलशहाचे कान्होजी जेध्यांस आलेले १६ जून १६५९ चे फर्मान. अफजलखानाला सामील व्हावे, असा त्याचा आशय. हे फर्मान कोणा मुन्शीच्या लेखणीतून उतरले हे कोणी विचारत नाही, कारण तेथे अधिकार लेखणीचा नसून शिक्क्याचा आहे. अशा कागदाच्या संदर्भात देणारा, घेणारा आणि तारीख या तीन गोष्टी आल्या की काम भागते. त्यापुढे छापील असेल तर खंड व लेखांक, अप्रकाशित असेल तर दप्तरखान्याचे नाव आणि रुमाल क्रमांक. पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे सरदेसायांनी संपादिलेले ४५ खंड आजही अशाच रीतीने उद्धृत होतात.

१५/
बखरींची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. सभासद बखरीचा कर्ता कृष्णाजी अनंत सभासद स्वतःचे नाव सांगतो, जिंजीत राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिले हेही सांगतो. एक्याण्णव कलमी बखरीचे तसे नाही. तिच्या निरनिराळ्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी मिळाल्या, त्यांच्यात पाठभेद आहेत, वि. स. वाकसकरांनी अनेक प्रती ताडून तिचे संपादन केले. एका प्रतीत जे कलम ज्या क्रमांकाला आहे ते दुसऱ्या प्रतीत त्याच क्रमांकाला असेलच, याची हमी नाही. त्यामुळे ‘एक्याण्णव कलमी बखर, कलम ४०’ हा संदर्भ दिसायला नेमका, पण प्रत सांगितल्याशिवाय अपुराच.

१६/
आणि ‘एका जुन्या बखरीनुसार’ हा संदर्भच नव्हे. ती एक सबब आहे.

१७/
कर्ता ठाऊक नसण्यापेक्षा चुकीचा कर्ता ठाऊक असणे अधिक घातक ठरते. यासाठी मराठी दप्तरांतून बाहेर पडून सोळा-सतरा शतके मागे जावे लागेल, पण महाराष्ट्राचा किनारा सोडावा लागणार नाही. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे ग्रीक भाषेतले व्यापारी मार्गदर्शक. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरे, तेथे काय विकले जाते, काय विकत मिळते, वारे कसे, धोके कोठे, याची ६६ लहान परिच्छेदांत मांडलेली माहिती. भडोच आहे, सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. देशावर पैठण आहे आणि आजचे तेर म्हणून ओळखले जाणारे तगर आहे.

१८/
या ग्रंथाचे मुख्य हस्तलिखित दहाव्या शतकातले, आज हायडेलबर्ग येथे आहे. त्यात या मजकुराच्या आधी अ‍ॅरियनचा ‘पेरिप्लस’ येतो. अ‍ॅरियन हा रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातला, दुसऱ्या शतकातला नामांकित ग्रंथकार. त्याचा तो ग्रंथ काळ्या समुद्राविषयी होता. दोन्ही ग्रंथांची नावे सारखी, दोन्ही एकाच बाडात शेजारी शेजारी. झाले! दुसराही अ‍ॅरियनच्याच नावावर गेला, आणि १५३३ साली बाझेलला तो प्रथम छापला गेला तोही त्याच नावाने.

१९/
नाव मोठे होते म्हणून ते टिकले. परंतु ग्रंथ स्वतःच निराळे सांगत होता. त्यातली ग्रीक भाषा साहित्यिकाची नाही, धंद्यातल्या माणसाची आहे. रोमन महिन्यांबरोबर इजिप्तमधले महिने दिलेले आहेत. एके ठिकाणी झाडांच्या डिंकाविषयी बोलताना ‘आमच्याकडे इजिप्तमध्ये’ अशा आशयाचा उल्लेख येतो. नाबाती राजा मलिखस याचा उल्लेख येतो, आणि भडोचच्या प्रदेशाचा राजा म्हणून जे नाव येते ते क्षत्रप नहपानाचे, असे अभ्यासक मानतात. या सगळ्यावरून आज हा ग्रंथ पहिल्या शतकाच्या मध्याचा, इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याचा मानला जातो. नाव अजूनही मिळालेले नाही.

२०/
यात महाराष्ट्राच्या इतिहासाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी जवळचा आहे. परिच्छेद ५२ मध्ये सांगितले आहे की कल्याण पूर्वी रीतसर बंदर होते, पण आता तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याची ही जिवंत खूण. आता हे वाक्य अ‍ॅरियनचे मानले तर तो झगडा दुसऱ्या शतकात हेड्रियनच्या काळात जाऊन पडतो. इजिप्तच्या अनामिक व्यापाऱ्याचे मानले तर पहिल्या शतकात येतो. मुखपृष्ठावरच्या एका चुकीच्या नावाने नहपान, गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्यांच्या मागेपुढे असलेले सगळे राजे आपापल्या जागेवरून हलतात.

२१/
म्हणून आजचे अभ्यासक ‘अ‍ॅरियन’ लिहीत नाहीत, ‘अज्ञात’ही लिहीत नाहीत. ‘पेरिप्लस, ५१’ असे लिहितात. हा ५१ पृष्ठांक नव्हे, परिच्छेदाचा क्रमांक आहे. मॅक्‌क्रिंडलचे १८७९ चे भाषांतर उघडा, शॉफचे १९१२ चे उघडा की कॅसनचे १९८९ चे उघडा. ५१ व्या परिच्छेदात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरचे पैठण भेटतेच. जेधे शकावलीच्या बाबतीत शकाची नोंद जे काम करते, तेच हा क्रमांक येथे करतो. कोणाचे भाषांतर वापरले हे अर्थातच पुढे सांगायचे, कारण शब्द भाषांतरकाराचे असतात.

२२/
या दोन टोकांच्या मध्ये काही ग्रंथ उभे आहेत. ‘आज्ञापत्र’ हे त्यांपैकी ठळक. शके १६३७ मधले, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावाने निघालेले, आणि परंपरेने रामचंद्रपंत अमात्यांची कृती मानलेले. रामचंद्रपंतांचे कर्तृत्व बहुतेकांना मान्य आहे, पण तो अनुमानाचा भाग आहे. अशा वेळी शिकागो पद्धतीत कर्त्याचे नाव चौकटी कंसात देण्याची सोय आहे. शंका असेल तर त्यापुढे प्रश्नचिन्ह. ‘[रामचंद्रपंत अमात्य], आज्ञापत्र’. दोन उभ्या रेघांत एवढे सांगता येते की हे नाव कागदावरचे नाही, अभ्यासकांनी जोडलेले आहे. मराठी पुस्तकांत हा कंस फारसा दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

२३/
आता पुन्हा टिळकांकडे. ज्या गृहस्थांनी निनावी शकावली छापली, त्यांना मंडालेला पाठवणारा खटला निनावी लेखांवरूनच झाला होता, हा योग लक्षात घेण्यासारखा आहे. ‘केसरी’चे अग्रलेख सहीचे नसत. ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे १९०८) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून १९०८) या दोन लेखांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे सात विरुद्ध दोन अशा ज्यूरीच्या मताने टिळक दोषी ठरले आणि २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. न्यायालयाला लेखणी कोणाची हे शोधण्याचे कारण नव्हते. पत्राची जबाबदारी कोणाची, एवढे त्याला पुरे होते.

२४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ सुरू झाला तेव्हापासून १८८७ पर्यंत संपादक आगरकर होते. त्या काळातल्या बिनसहीच्या लेखांपुढे केवळ ‘केसरी म्हणजे टिळक’ या सवयीने टिळकांचे नाव लिहिले, तर आगरकरांची वाक्ये टिळकांच्या तोंडी पडतात. आणि सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर ही अदलाबदल साधी राहत नाही. दोघांची वाट पुढे ज्या मुद्द्यांवर फुटली, त्याच मुद्द्यांवर दोघांचे म्हणणे एकमेकांत मिसळून जाते. म्हणून तळटिपेत ‘केसरी’, अग्रलेख, लेखाचे शीर्षक आणि तारीख एवढेच द्यावे. लेख कोणाचा याविषयी काही पुरावा असेल, तर तो मजकुरात मांडावा. लेखकाच्या जागी गुपचूप नाव घालून वाद मिटवू नये.

२५/
टोपणनावाचा प्रकार यापासून निराळा ठेवला पाहिजे. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या सहीने शतपत्रे आली. ती निनावी नव्हेत. तेथे सही आहे, फक्त ती घेतलेली आहे. अशा लेखनात सहीचे नाव कर्त्याच्या जागी ठेवतात आणि खरे नाव निश्चित ठाऊक असेल तर गोपाळ हरी देशमुख हे कंसात देतात. वाचकाला त्या काळी कोणते नाव दिसले आणि आज कोणते ठाऊक आहे, या दोन्ही गोष्टी संदर्भात राहतात.

२६/
शेवटी अशा साहित्याकडे वळावे लागते की ज्याच्या निनावीपणाला बराच काळ गुण मानले गेले : जात्यावरच्या ओव्या. ‘पारंपरिक’, ‘लोकगीत’ एवढ्या शब्दांवर त्यांची बोळवण होत आली. अनेक जुन्या संग्रहांत ओवी आहे, विषयवार वर्गवारी आहे, पण ती कोणी गायली, कोणत्या गावी, कधी उतरवून घेतली, याचा पत्ता नाही. ओवीची पहिली रचनाकार कोण हे बहुतेक वेळा कळणार नाही हे खरे. पण ती संग्राहकाच्या कानी जिच्या तोंडून पडली तिला नाव होते, गाव होते, जात होती, तिचे वय होते. ती समोर बसलेली असताना कोणी विचारले नाही, म्हणून ती ‘अज्ञात’ झाली. शकावलीकाराच्या आणि पेरिप्लसच्या व्यापाऱ्याच्या वाट्याला आलेले निनावीपण काळाने दिलेले आहे. हे दुसरे निनावीपण संपादनाच्या टेबलावर तयार झाले.

२७/
हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रकल्प उभा केला, त्यात महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव नोंदले गेले. या संग्रहातली ओवी उद्धृत करताना संदर्भ ओवीच्या विषयापासून सुरू होत नाही. आधी गाणारीचे नाव येते, ‘गायिका’ या तिच्या भूमिकेसह. मग गाव, तालुका, ध्वनिमुद्रणाची वा टिपणाची तारीख, आणि नंतर संग्रहाचे नाव. रचनाकाराची जागा रिकामी राहते. ती तशीच ठेवायची असते.